अठरा छातींची तरतूद

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तारळे कास्टिंगच्या ताळेबंदात एक नवी ओळ उगवली. देण्यांच्या बाजूला, बँकेच्या कर्जाच्या खाली. 'कामगार आरोग्य तरतूद : दोन कोटी एकतीस लाख.' मी चहा घेत होते. कप खाली ठेवला आणि आधी शून्यं मोजली.

मी तनुजा बाबर. कोल्हापूरच्या बाहेर, एमआयडीसीतल्या या फाउंड्रीत एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. पदवी नाही, म्हणून दर मार्चला ऑडिटर येतो, सगळं माझ्याकडून समजून घेतो आणि मग मलाच समजावून सांगतो. माझा नवरा पंडित याच कंपनीत, फेटलिंग शॉपला आहे. साच्यातून निघालेल्या ओतकामाला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची, हे त्याचं काम. दिवसभर वाळूची धूळ. तोंडाला रुमाल.

ती ओळ कुठून आली ते सांगते. तीन वर्षांपूर्वी कायदा झाला, की कोटीच्या वर कर्ज उचलणाऱ्या धंद्याचा ताळेबंद जिवंत पाहिजे. वर्षातून एकदा नटूनथटून काढलेला फोटो आता बँकेला चालत नाही. यार्डातला काटा, भट्टीचा वीजमीटर, बँकेचं खातं, आलेली-गेलेली बिलं, गेटवरची हजेरी, हे सगळं एका मशिनला जोडलेलं आहे. ते दर दहा मिनिटांनी पत्रकं नव्यानं मांडतं. सरकारी नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला मुनीम म्हणतो.

ताळेबंद म्हणजे काय, हे मी कामगारांना असं सांगते. एका बाजूला धंद्याकडे काय आहे ते लिहायचं, दुसऱ्या बाजूला ते कुणाचं आहे ते. भट्टी, लोखंड, वाळू, गिऱ्हाइकाकडून येणं एकीकडे. बँकेचं, वाळूवाल्याचं, कामगारांचं देणं दुसरीकडे. देणं वजा जाऊन उरतं ते मालकाचं. आमच्या मालकाचं तेव्हा तीन कोटी ऐंशी लाख उरत होतं. नफा-तोट्याचं पत्रक वेगळं, वर्षात काय कमावलं आणि काय घालवलं ते सांगणारं. रोकड त्याहून वेगळी. आमचा नफा चांगला दिसायचा, पण पंप बनवणारी गिऱ्हाईक कंपनी पैसे द्यायची एकशेवीस दिवसांनी. म्हणजे नफ्यातली फाउंड्री दर महिन्याच्या सात तारखेला पगारासाठी बँकेच्या दारात उभी. आणि बँकेची अट अशी, की मालकाची शिल्लक दोन कोटींच्या खाली गेली की दार बंद. दार बंद झालं तर पंधरा दिवसांत भट्टी थंड, एकशे चाळीस माणसं घरी.

आता तरतूद. जे घडून गेलंय त्यापायी पुढे पैसे जाणार हे बहुतेक नक्की असेल, आणि किती जाणार याचा बरा अंदाज करता येत असेल, तर ती रक्कम आजच देण्यात धरायची. यातलं एक जरी नसलं तरी फार तर खाली टीप टाकायची. छातीत गेलेली वाळू आजवर या नियमात बसत नव्हती. धूळ आत गेली हे सगळ्यांना माहीत. रोग कुणाला होणार, कधी होणार, हे कुणालाच माहीत नाही. एक्स-रेवर डाग दिसेपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात आणि तोवर माणूस नोकरी सोडून गावी खोकत बसलेला असतो. म्हणून वर्षानुवर्षं फाउंड्रीच्या वहीत माणसाच्या फुप्फुसाची किंमत शून्य होती. कुणी चोरी केलेली नाही. नियमाप्रमाणेच शून्य होती. मला जास्त राग त्याचाच येतो.

हे बदललं फुंकेमुळे. आमच्या गेटवर हजेरीचं मशिन आहे. कार्ड टेकवायचं आणि नळीत सहा सेकंद अखंड फुंक मारायची. बसवलं होतं दारू पकडायला. पण माणसाच्या श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळातले अगदी बारीक थेंब बाहेर येतात, आणि जिथं आतून वण धरायला लागलेत तिथले वायूही. वण दिसायच्या कितीतरी वर्षं आधी या मिश्रणाची खूण बदलते. हे शोधलं डॉक्टरांनी. सोमवारी रात्री मुनीमची नवी आवृत्ती आली, तिनं गेटवरच्या चौदा महिन्यांच्या जुन्या फुंका वाचून काढल्या. अकरा माणसांना रोग होणार हे बहुतेक नक्की, भरपाई किती द्यावी लागेल याचा अंदाज तयार. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या आणि ओळ उगवली.

मी यादी उघडली. सगळ्यात आधी 'बाबर' शोधलं. अकरात नव्हतं. लाज वाटायला पाहिजे होती, पण मला आधी बरं वाटलं.

*

रणधीर तारळे, आमचे मालक, वयानं पन्नाशीचे. सगळे त्यांना रणधीरदादा म्हणतात. वाईट माणूस नव्हे. लग्नाला आहेर करतात, मयताला येतात. पाच वर्षांपूर्वी मी फेटलिंगला धूळ ओढणारा पंखा बसवायचं दरपत्रक त्यांच्यासमोर ठेवलं होतं, शेहेचाळीस लाखांचं. तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, ह्या खर्चाच्या समोर मिळकत कुठली लिहिणार तुम्ही?" वहीत तेव्हा छाती शून्य होती.

आता ते पडद्याकडे बघत उभे होते.

"बँकेला दिसतंय हे?"

"अजून कच्चं आहे. शुक्रवारी पाच वाजता मार्चअखेरचं पत्रक सहीनं पक्कं होतं. मग दिसतं."

"शिल्लक किती राहते?"

"एक कोटी एकोणपन्नास."

"म्हणजे आपण मेलो."

मुनीम नुसता आकडा देऊन थांबत नाही, निर्णयाला पर्याय देतो. पर्याय अ : शेहेचाळीस लाखांचा पंखा बसवा, अकरा जणांची तरतूद राहील, पण नवी वाढणार नाही. पर्याय ब : अकरा जणांना प्रत्येकी दोन लाख देऊन स्वेच्छानिवृत्ती द्या, पुढे मागणी नाही असं लिहून घ्या, तरतूद शून्य. बचत, दोन कोटी नऊ लाख. 'ब'च्या शेजारी हिरवी खूण होती. यंत्राला लाज बसवायचं कलम कायद्यात नाही.

"गुरुवारी सांगू त्यांना," दादा म्हणाले. "दोन लाख रोख म्हटल्यावर खूश होतील."

"त्यांना आजार आहे हे सांगायचं का, दादा?"

"आपण काय डॉक्टर आहोत का, वहिनी?" ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तुमचे पंडितराव नाहीत ना त्यात? मी आधी तेच बघितलं."

त्यांनीही तेच बघितलं होतं.

*

बुधवारी मी अकराजणांचे कागद करायला बसले आणि सवयीनं सगळ्यांचे आकडे एका खाली एक लावले. बोगस बिलं पकडायची माझी हीच रीत. वेगळ्या नावांवर एकसारखे आकडे आले, की समजायचं लिहिणारा हात एकच आहे.

शंभरपैकी गुण असतात, छाती किती साफ त्याचे. फेटलिंगच्या आठ माणसांचे गुण सत्त्याण्णव पूर्णांक चार. आठही जणांचे, तेरा महिने. त्यात एक इलाही शिकलगार, वय एकोणतीस, लग्नाच्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट फुंकणारा. आणि एक पंडित बाबर, वय बावन्न, तीन उशा घेऊन झोपणारा.

संध्याकाळी पंडित मोरीवरून हातपाय धुऊन आला. मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"तुमची फुंक कोण मारतंय?"

"आँ?"

"सत्त्याण्णव गुण आलेत तुमच्या छातीला."

"मग चांगलंच की. शाळेत कधी पडले न्हाईत एवढे." तो हसला आणि हसताना खोकला. खोकला थांबेपर्यंत मी थांबले.

"इलाही?"

त्यानं बशीत चहा ओतला. "गेल्या वर्षी जोतिबाच्या डोंगराला चालत खेटे घातले नव्हं, तवा चढावर समजलं मला. सोमवारी मशिनवर चार सेकंदात दम सपला. लाल दिवा, अर्धा दिवस खाडा. दुसऱ्या दिवशी परत तेच. इलाही मागं हुता, म्हणला, मामा, द्या कार्ड हिकडं. तसं आमी सातजण हाय. गेटवरचा कॅमेरा धुळीनं आंधळा झालाय, कोण बघतंय?"

"मला सांगायचं नाही?"

"तुला सांगून काय करणार हुतीस? तू लिवलं असतंस कुठंतरी. तुला आकडा लपवता येत न्हाई."

मी मग त्याला सगळं सांगितलं. यादी, तरतूद, दोन लाख. तो ऐकत राहिला. राजश्री, आमची पोरगी, दहावीत आहे. ती आतल्या खोलीत काहीतरी पाठ करत होती.

मी बोलता बोलताच मला कळत गेलं, की यादीतल्या अकरा जणांना निदान सहा सेकंद फुंकता तरी येत होतं. ज्यांना तेवढंही येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याची छाती उसनी घेतली, आणि मुनीमच्या लेखी ते कंपनीतले सगळ्यात धडधाकट लोक ठरले. जास्त आजारी होते तेच हिशेबाबाहेर. हा घोळ मुनीमनं केला नव्हता. अर्धा दिवस खाडा टाळायला माणसांनी स्वतःचा आजार स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता.

"आता काय करनार?" त्यानं विचारलं.

"तुम्ही उद्या स्वतः फुंका."

"आन् लाल दिवा लागला की घरी बसू? मला आन् बाकीच्यांला फशिवलं म्हणून नोटीस देतील ती येगळीच. न्हाई फुंकणार मी." त्यानं बशी खाली ठेवली. "कंपनी बंद पडली तर एकशे चाळीस घरं तुझ्या नावानं बोटं मोडतील. त्यातलं एक आपलं."

*

गुरुवारी सकाळी मी रणधीरदादांना आठ सारखे आकडे दाखवले. त्यांना समजायला अर्धं मिनिट लागलं.

"सात जण खोटे?"

"फुंक खोटी. माणसं खरी आहेत. आणि अकराजणांपेक्षा जास्त आजारी."

ते खुर्चीत बसले. "हे बघा वहिनी. मुनीमला माहीत नाही. मला तुम्ही काही सांगितलेलं नाही. आहे तसं राहू दे. मारू दे इलाहीला फुंक. पंडितरावांचा पगार चालू राहील."

"आणि छाती?"

"त्यांना आपण फेटलिंगमधून काढून स्टोअरला घेऊ. वर पाच लाख मी माझ्याकडून देतो, पुस्तकाबाहेर. अकराजणांना दोन, तुम्हाला पाच. आता तरी?"

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. स्टोअरला धूळ नाही. पाच लाखांत राजश्रीचं कॉलेज होतं. एक सही, आणि माझा माणूस वाचत होता. बाकीचे सतरा काय, माझे कोण होते? आनंदा पोवार पंडितच्या शेजारी बावीस वर्षं ग्राइंडर चालवतोय, एवढंच. अकराच्या यादीत पहिलं नाव त्याचं.

सहीच्या वर छापलेलं असतं, 'माझ्या माहितीप्रमाणे हे पत्रक पूर्ण आहे.' एकोणीस वर्षं मी ते न वाचता सही केली.

"मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

दुपारी मी कँटीनमध्ये गेले. अठराजणांना एका कोपऱ्यात बसवलं, इलाहीलाही बोलावलं. कागदावरून नावं आणि गुण वाचले. अकराजणांना त्यांचे खरे, सातजणांना इलाहीचे.

आनंदा पोवारनं पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. "म्हणजे दोन लाख घेऊन मी सही केली असती, आन् रोग मागनं कळला असता?"

"हो."

"आन् मागनं आलो असतो तर?"

"तर तुमची सही दाखवली असती. तुमच्या नावाचं देणं वहीत एकवीस लाख आहे, भाऊ. ते दोन लाखांत मिटवायचं चाललंय."

"एकवीस लाख?" कुणीतरी मागून म्हणालं. "माझी म्हस सुदा यवढ्याला गेली न्हाई कधी."

शेजारच्या टेबलावरचा, साचे करणारा एक मोल्डर उठून आला. "बाई, तुमचं खरं हाय. पण बँकेनं पैसं थांबवलं तर आमी खायचं काय? ह्यांचं फुप्फुस गेलं, आमचं पोट कशाला मारताय?"

त्याचंही खरं होतं. त्याला मी सांगितलं ते असं, "तू तिशीचा आहेस. अजून दहा वर्षांनी ह्या यादीत तू असशील. आज ह्यांना दोन लाखांत मिटवता आलं, तर पंखा कधीच बसणार नाही. दर दहा वर्षांनी दहा-बारा माणसं दोन लाखांत मिटवणं स्वस्त पडतं. हा दयाधर्माचा प्रश्न नाही, वजाबाकी आहे."

त्याला पटलं नाही. तो आपल्या टेबलावर परत गेला.

इलाही भिंतीला टेकून उभा होता. पोरगं रडकुंडीला आलेलं. "मामा, मी मदत करत होतो," तो पंडितला म्हणाला. "मला काय ठाऊक, मी तुमचा हक्क फुंकतोय."

"तुला कोण काय म्हणलं काय?" पंडित म्हणाला. मग माझ्याकडे बघितलंच नाही त्यानं. "तुझ्या छातीवर वरीसभर पगार खाल्ला आमी. उद्याच्याला कार्ड घिऊ नगंस कुणाचं."

*

शुक्रवारी सकाळी सातजण स्वतः फुंकले. मी गेटवर गेले नाही. पडद्यासमोर बसून होते. मुनीमला हिशेबासाठी तीन सेकंदही पुरतात. तरतुदीचा आकडा दहा-दहा मिनिटांनी वर चढत गेला. नऊ वाजता दोन कोटी पंचावन्न. नऊ वीसला दोन एकोणऐंशी. दहाच्या आत तीन कोटी नव्व्याण्णव लाख.

मालकाची शिल्लक उणे एकोणीस लाख.

पत्रकाच्या शेवटी टिपा असतात. संपूर्ण ताळेबंदात माणसानं स्वतःच्या शब्दांत लिहायची तेवढीच जागा. मी लिहिलं, की मागच्या तेरा महिन्यांचे सात जणांचे आकडे दुसऱ्याच्या श्वासाचे होते; ते का होते; अठरा जणांना त्यांचे आकडे मी वाचून दाखवले आहेत; त्यातला एक माझा नवरा आहे; आणि धूळ ओढणारा पंखा पाच वर्षांपूर्वी खर्च म्हणून नाकारला गेला. दरपत्रक जोडलं.

पाचला दहा कमी असताना रणधीरदादा आत आले. ओरडले नाहीत. "ही कंपनी माझ्या वडिलांनी एका भट्टीवर उभी केली," ते म्हणाले. "तुम्ही ती टिपेत बुडवताय."

"दादा, ती कधीच उण्यात गेली होती. लिहिलं आज."

"पंडितरावांचे किती धरलेत?"

"चोवीस लाख."

"मी पाच रोख देत होतो. हे चोवीस कागदावरचे आहेत. मिळतील का?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि सही केली.

*

बँकेनं सोमवारी दार बंद केलं. बारा दिवस. पगार झाला नाही. माझ्या स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडनं फाडली. कोणी ते मला माहीत आहे, त्याचं नाव इथं लिहीत नाही. घरात दोन लहान पोरं आहेत त्याच्या. ऑडिटरनं मला फोनवर विचारलं, हे सगळं टिपेत टाकायची गरज होती का. मी म्हटलं, टिपेत आलं म्हणून तर तुम्ही पहिल्यांदाच टीप वाचलीत.

तेराव्या दिवशी बँकेची दोन माणसं आली. त्यांनीही वजाबाकी केली होती. फाउंड्री बंद करून विकली तर हातात येणार जुनी भट्टी आणि वाळूचा ढीग. कर्जातला निम्मा पैसा बुडणार, आणि तो तोटा बँकेच्या स्वतःच्या जिवंत ताळेबंदात त्याच दिवशी उगवणार. चालू ठेवली तर पंपवाल्यांकडून येणं तरी येत राहील. मग अटी आल्या. रणधीरदादांनी शहरातला प्लॉट गहाण ठेवायचा. पंखा आधी बसवायचा. अठराजणांना धुळीतून काढून पगारावर ठेवायचं, तरतूद तशीच राहायची आणि दरवर्षी त्यातला ठरलेला भाग वेगळ्या खात्यात खराखुरा भरायचा.

दया कुणाला आली नाही. मालकाला नाही, बँकेला नाही, मशिनला तर नाहीच. नुसते आकडे बदलले. तेवढंही व्हायला अठरा माणसांना आपली छाती कमी पडते हे चारचौघांत दाखवावं लागलं.

पंखा लागला त्या आठवड्यात पंडितनं नव्या पत्रकाची प्रत मागितली. मी घरी आणली. तो दारातल्या कट्ट्यावर बसून चष्मा लावून वाचत होता. तीस वर्षं तो नफा-तोट्याच्या पत्रकात होता, मजुरी या खर्चाच्या ओळीत, वाळू आणि विजेच्या मधे. आता तो ताळेबंदात होता.

"म्हणजे कंपनी माझं देणं लागती?"

"हो."

"बँकेचं लागती तसंच?"

"तसंच. तुमची ओळ बँकेच्या खाली आहे, एवढंच."

त्याला बरं वाटलं. त्यानं बोट ठेवून खालची टीप वाचली आणि तिथं थांबला. "आन् हे काय? भविष्यातील रक्कम आजच्या किमतीत आणताना गृहीत धरलेला काळ."

मी हिशेब लिहिते, म्हणून मला ते माहीत होतं. पुढे कधीतरी द्यायची रक्कम आज लिहिताना व्याजाइतकी कमी करून लिहितात. जेवढी लांब, तेवढी कमी. त्यासाठी ती नेमकी कधी द्यावी लागेल ते धरावं लागतं. प्रत्येक नावापुढे मुनीम तो काळ धरतो. मृत्यूनंतरच्या भरपाईसाठीही.

"किती वरसं धरली माझी?"

आकडा मला लपवता येत नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"सात."

त्यानं कागद मांडीवर ठेवला. आतून राजश्री काहीतरी विचारायला आली आणि आमच्याकडे बघून परत गेली.

"सात," तो म्हणाला. "बारावी व्हतीय तिची. कॉलेज पन हुतंय." मग चष्मा काढून त्यानं तो शर्टाला पुसला. "आन् दोन वरसं वर राहत्यात, तनू. त्यात काय करायचं, बोल."